वाचकांचे प्रश्न : दर शनिवारच्या पाराशातून बोध कसा घ्यावा?

प्रश्न : शुक्रवारी रात्री किद्दूश (शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रामदिवस, सुरू होतानाची प्रार्थना) झाल्यावर घरात सगळ्यांनी मिळून त्या आठवड्याच्या पाराशावर, म्हणजे तोऱ्यातल्या (मोशेच्या पाच पुस्तकांतल्या) नेमलेल्या पाठावर, दहा मिनिटं बोलायचं, असं आम्ही ठरवलं आहे. पण कुठलाही पाराशा घेतला तरी गाडी ‘खरं बोलावं, मोठ्यांचा मान ठेवावा’ इथेच येऊन थांबते. मुलं कंटाळतात. काय करावं? (ठाणे)

उत्तर : बोध आधीच ठरलेला असला की पाठ नुसता पुरावा म्हणून वाचला जातो. मग चोपन्न पाराशांतून तीच चार वाक्यं निघणार. दुसरी अडचण लांबीची. एकट्या ‘नोहा’ या पाराशात १५३ वचनं आहेत, ती दहा मिनिटांत मावत नाहीत. शब्बाथच्या सकाळी पाराशा सात भागांत वाचतात, तेच भाग आठवड्याला वाटून घ्या : रविवारी पहिला, सोमवारी दुसरा, असं. शुक्रवारच्या बोलण्यासाठी मात्र दहा-बारा वचनांपेक्षा जास्त घेऊ नका.

ती वाचताना कुठे अडखळायला होतं तिथे पेन्सिलीने खूण करा. एखादी गोष्ट गरजेपेक्षा जास्त बारकाईने सांगितली आहे का, किंवा जी सांगायला हवी ती गाळली आहे का, हे बघा. राशी या मध्ययुगीन ज्यू भाष्यकाराची टीका बहुतेक वेळा नेमक्या अशाच जागी थांबते. मग तीन गोष्टी विचारा : जबाबदारी कोणावर टाकली आहे? किती आणि कधीपर्यंत? त्याने ती टाळली तर झळ कोणाला बसेल? तोऱ्याचा सामाजिक विचार या मोजमापांत असतो, म्हणून तपशील सोडू नका.

‘शोफतिम’ या पाराशाच्या शेवटचा भाग घ्या, अनुवाद (तोऱ्याचं पाचवं पुस्तक) २१:१-९. शेतात प्रेत सापडलं आहे, खुनी माहीत नाही. वडील (म्हणजे नगराचे वडीलधारे पुढारी) आणि न्यायाधीश बाहेर येतात आणि प्रेतापासून आसपासच्या नगरांपर्यंतचं अंतर मोजतात. जे नगर सर्वात जवळ, तिथल्या वडिलांनी कधी जू न ओढलेली कालवड नांगर न फिरलेल्या खोऱ्यात न्यायची, तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि म्हणायचं : हे रक्त आमच्या हातांनी सांडलं नाही, आमच्या डोळ्यांनी पाहिलं नाही.

घाईत वाचलं तर ‘खून करू नये’ एवढंच हाती लागतं. पण मिश्ना (ज्यू पंडितांनी केलेला नियमांचा प्राचीन संग्रह) विचारते, नगराचे वडील खुनी आहेत असं कोणाच्या मनात तरी येईल का? मग ते हे का म्हणतात? मिश्नाचं उत्तर : तो आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला तसाच सोडला, असं झालं नाही. हे कोणाबद्दल, यावर दोन मतं आहेत. बाबिलोनच्या पंडितांनी ते मेलेल्या वाटसरूबद्दल घेतलं : त्याला शिदोरीशिवाय, सोबतीशिवाय आम्ही वाटेला लावलं नाही. एरेत्स इस्राएलच्या (इस्राएल देशातल्या) पंडितांनी खुन्याबद्दल घेतलं : तो हाती आला असताना आम्ही न्याय न करता सोडला नाही. जेवण आणि न्याय, दोन्हींचा जाब नगराने द्यायचा.

आणि ते अंतर मोजणं! ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर तिथेच बंद होतं. मुलांना विचारा, आपल्या इमारतीचा रात्रीचा रखवालदार कधी जेवतो, हे कोणाला माहीत आहे? दहा मिनिटं पुरणार नाहीत.

प्रश्न : ‘तझरिया’ आणि ‘मेत्सोरा’मध्ये सगळं डाग, पुरळ, अशुद्धता. हे पाराशे सोडून द्यावेत का? (पुणे)

उत्तर : सोडू नका, पण एक गोष्ट काटेकोरपणे टाळा. पंडितांनी या डागांचा संबंध चहाडी-निंदेशी जोडला आहे. मिर्यामने मोशेविरुद्ध बोलल्यावर तिला असेच डाग आले, हा त्याचा आधार. तो धागा धरून आजच्या कुठल्याही रोग्याच्या दुखण्याला पापाचं फळ ठरवणं चूक आणि क्रूर आहे. इथला डाग कापडावर येतो, घराच्या भिंतीवरही येतो. दवाखान्यात औषध मिळतं तो हा रोग नव्हे.

बोध हवा तर लेवीय १४:३५-३६ वाचा. घराचा मालक कोहेनला (याजकाला) सांगतो, ‘घरात डागासारखं काहीतरी दिसतंय.’ मिश्ना म्हणते, तो स्वतः जाणकार पंडित असला आणि त्याला खात्री असली तरी ‘डाग आहे’ असा निकाल त्याने द्यायचा नाही. शेजाऱ्याबद्दल कानावर आलेल्या गोष्टीला हाच नियम लावून बघा. पुढे, कोहेन आत येण्याआधी घर रिकामं करायचं, नाहीतर निकाल लागताच आतलं सगळं अशुद्ध ठरेल. मिश्नाच्या मते यात वाचतात ती मातीची भांडी, कारण बाकीची पाण्यात बुडवून शुद्ध करता येतात, मातीची नाही. गरिबाचं मडकं फुटू नये म्हणून तपासणी थांबते.

प्रश्न : मी ज्यू नाही, शाळेत मूल्यशिक्षण घेतो. लेवीय १९ मधला शेताचा कोपरा गरिबांसाठी सोडण्याचा नियम शिकवायचा आहे. नेमका किती सोडत? शिवाय ज्यू पुस्तकांत दिलेले वचनांचे क्रमांक माझ्या मराठी बायबलशी जुळत नाहीत. (सांगली)

उत्तर : तोऱ्यात माप नाही. मिश्ना किमान साठावा हिस्सा सांगते आणि शेताचा आकार, गरिबांची संख्या, पीक कसं आलं, हे बघून तो ठरवायला सांगते. आपल्या हिशोबात दीड एकराला एक गुंठा. वर्गात हा हिशोब मुलांकडूनच करून घ्या.

खरा रस मात्र जागेत आहे. हिस्सा शेताच्या शेवटच्या कडेला सोडायचा, आणि तालमूदात (मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात) त्याची कारणं दिली आहेत. एरवी मालक आसपास कोणी नाही असं बघून आपल्याच नातलग गरिबाला बोलावील. गरिबांना ‘आता सोडेल, मग सोडेल’ म्हणत दिवस काढावा लागेल. आधीच मध्ये सोडला असेल तर कापणी झाल्यावर दिसणार नाही आणि लोक मालकाला नावं ठेवतील. लबाड माणूस ‘मी केव्हाच सोडला’ म्हणून मोकळा होईल. शिवाय कापणी साधारणपणे गरिबांनी स्वतः करायची. देणाऱ्याच्या हातून निवड काढून घेतली आहे, याकडे विद्यार्थ्यांचं लक्ष वेधा.

क्रमांकांचं म्हणाल तर काही अध्यायांची सुरुवात हिब्रूत वेगळ्या जागी धरतात. निर्गम २२ मध्ये गहाण ठेवलेलं पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत द्यायचा नियम हिब्रूत २५वा, तुमच्याकडे २६वा. उत्पत्ती ३२ मध्येही असाच एकाचा फरक पडतो. क्रमांक जुळला नाही तर आधी एक वचन पुढे-मागे बघा.

प्रश्न : इस्राएलमधल्या अश्दोदच्या नातेवाइकांबरोबर फोनवर पाराशा वाचतो. मध्येच त्यांचा एक, आमचा दुसरा. कोण चुकतं? (मुंबई)

उत्तर : कोणीच नाही. इस्राएलबाहेर पेसाह आठ दिवसांचा आणि शावुओथ दोन दिवसांचा. तो जादा दिवस शनिवारी आला की आपण सणाचा पाठ वाचतो, ते नेहमीचा. पुढे आपण दोन पाराशे एकत्र वाचून त्यांना गाठतो. शावुओथनंतरचा फरक ‘हुक्कत’ आणि ‘बालाक’ जोडून भरतो. तोवर एका आठवड्याला तुमचा आणि एका आठवड्याला त्यांचा पाराशा घ्या.