जागा आली की आपोआप वाजणाऱ्या ऑडिओ गोष्टींमुळे शहरातला प्रवास खरंच आवडायला लागतो का?

लागतो, पण चालणाऱ्याला पटकन, बसमधल्याला मात्र गोष्ट नीट बेतली असेल तरच. तुम्ही विचारलंय की तुमच्या ग्रुपला एका बसमार्गावर असा प्रयोग करायचाय, तर सुरुवात कुठून करायची. मी अशा एका प्रोजेक्टमध्ये दोन वर्षं हौसेने लिहायचं आणि आवाज द्यायचं काम केलंय, त्यामुळे ॲप कुठलं घ्यायचं यापेक्षा स्क्रिप्टबद्दलच जास्त बोलणार, आधीच सांगून ठेवतो.

पहिल्याच चाचणीत आमची फजिती झाली. एका जुन्या इमारतीची गोष्ट होती, "आता वर बघा, तिसऱ्या खिडकीखाली कोरलेला पोपट दिसेल" हे वाक्य मी अगदी जीव ओतून वाचलेलं. आम्ही सहाजण बसमध्ये माना वर करून बघतोय तर समोर पाण्याची टाकी! पोपट केव्हाच मागे गेला होता.

मग हिशोब मांडला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माणूस चालतो ताशी साधारण ५ किमीने, म्हणजे मिनिटाला ८० मीटरच्या आसपास, आणि बस ताशी ३० ने जरी गेली तरी मिनिटाला ५०० मीटर. त्यात फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर सांगतं पण उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि नकाशावर आपली जागा दाखवणारा तो निळा ठिपका खुशाल रस्त्यापलीकडे उडी मारतो. भुयारी मेट्रोत तर उपग्रहाचा पत्ताच नसतो, तिथे स्टेशनवरूनच काहीतरी जुगाड करावा लागतो.

तशी ही कल्पना काही नवी नाही. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये १९५२ मध्येच रेडिओवर चालणारी ऑडिओ टूर होती. मला स्वतःला जास्त आवडतो तो टोरंटोचा 'मर्मर' प्रकल्प, २००३ चा, स्मार्टफोन सगळ्यांच्या हातात यायच्या आधीचा. रस्त्यावर कानाच्या आकाराच्या पाट्या लावल्या होत्या, त्यावरचा नंबर फिरवला की त्याच जागेबद्दल कुणातरी साध्या माणसाची आठवण ऐकू यायची. ना जीपीएस ना काही, पण ऐकणारा त्या जागेवर उभा असायचा हे नक्की.

बसमधला माणूस उभा नसतो (म्हणजे उभाच असतो, पण जागेवर नसतो 😄) म्हणून त्याच्यासाठी डोळ्यांना दिसेल त्यावर गोष्ट बांधायचीच नाही, अंगाला जाणवेल त्यावर बांधायची. हे आम्हाला शिकवलं एका रिटायर्ड कंडक्टर काकांनी. त्यांची ४० सेकंदांची क्लिप होती, पुढच्या मोठ्या वळणावर तिकीट देताना ते दांड्याला कोपर कसं अडकवायचे आणि ड्युटीवर नवा कोण आलाय हे त्या वळणावरच कसं कळायचं, एवढंच. क्लिप संपते, आठ-दहा सेकंद शांतता, आणि मग बस वळते आणि तुमचा हात आपसूक दांड्याकडे जातो! गोष्ट आधी, वळण नंतर, त्यामुळे ठिपका थोडा इकडेतिकडे झाला तरी काही बिघडत नाही, उलट वळण यायची वाट बघण्यातच मजा येते. त्या इमारतीच्या सनावळ्या आम्ही एवढ्या कष्टाने शोधल्या होत्या, त्या नंतर कुणाला आठवत पण नव्हत्या.

बाकी बारीकसारीक गोष्टी. क्लिप ३०-४० सेकंदांच्या वर नको आणि मध्ये गप्प बसायला शिका, सारखं बोलणारा आवाज नको होतो. "उजवीकडे बघा" तर कधीच म्हणू नका, आडव्या सीटवर बसलेल्याचं उजवं वेगळं असतं. ऑडिओ आधीच डाऊनलोड करायला लावा. डेव्हलपरला सांगून ठेवा की आयफोनवर एका ॲपला एका वेळी २० च जागांवर लक्ष ठेवता येतं, अँड्रॉइडवर १००, म्हणजे मार्ग मोठा असेल तर बस पुढे जाईल तशी यादी बदलत राहावी लागते. आणि चालणाऱ्यांना एक कान मोकळा ठेवायला सांगा, प्लीज.

एक मात्र खरं, बस वेळेवर येत नसेल आणि आत पाय ठेवायला जागा नसेल तर गोष्टीने काहीही होत नाही. आणि रोज त्याच मार्गाने जाणाऱ्याला तीच क्लिप चौथ्या दिवशी डोकं उठवते, त्यामुळे एकदा ऐकलेली परत आपोआप वाजू देऊ नका.

सुरुवात म्हणाल तर रेकॉर्डिंग राहू दे, आधी कागद घेऊन त्या बसमध्ये बसा, एकदा गर्दीच्या वेळी आणि एकदा रिकाम्या बसमध्ये, आणि घड्याळ लावून स्क्रिप्ट हळू आवाजात वाचत जा. शेजारचे बघतील, बघू देत. दोन्ही वेळा बस वळायच्या आत जे वाचून झालं तेवढंच ठेवा, बाकीचं कापा.