फ्लॅटमध्ये वाजवायला गिटार अ‍ॅम्प हवाय. मेहुणे अमेरिकेहून येताहेत, ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) मागवू का?

नका मागवू.

खरं तर इथेच थांबलो असतो. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, टू बीएचके आहे, बाळ लहान आहे, वाजवायला वेळ मिळतो तो रात्री जेवणानंतर, बजेट पंचवीस हजार, आणि "ग्रुपमधले सगळे म्हणतात ट्यूबशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे टाइमपास". हे शेवटचं वाक्य मी कॉलेजपासून ऐकत आलोय, तेही एकाच माणसाच्या तोंडून. त्यामुळे उत्तर लांबणार.

त्या माणसाला मंद्या म्हणू. आमच्या बँडचा लीड गिटारिस्ट. मी रिदम वाजवायचो, म्हणजे टोनबद्दल माझं मत कोणी विचारत नसे. आमची पिढी मुंबईच्या रंगभवनात आय-रॉक हा रॉक महोत्सव ऐकून बिघडलेली. उघड्यावरचं स्टेज, माणसाच्या उंचीचे अ‍ॅम्प, पहिल्या कॉर्डला छातीत धक्का. मंद्याने तिथेच ठरवून टाकलं की टोन म्हणजे हाच, बाकी सगळं रेडिओ. (त्याच रंगभवनाच्या कार्यक्रमांवर पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने गदा आली, हे मी त्याला दर भांडणात ऐकवतो.)

नोकरी लागल्यावर त्याने चाळीस वॉटचा, बारा इंची स्पीकरचा ट्यूब अ‍ॅम्प घेतला. न्यू जर्सीला जाताना तो माझ्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत आणून ठेवला. "वापर, पण जपून." कंपनीचं नाव घेत नाही, कारण अ‍ॅम्पमध्ये खोट काहीच नव्हती. खोट होती ती दहा बाय बाराच्या हॉलमध्ये.

व्हॉल्यूमचा नॉब एकवर असेल तर आवाज कोरडा, पातळ, शेजारच्या खोलीत कोणी वाजवतंय असा. दीडवर थोडा जीव यायचा आणि दाराची बेलही वाजायची. खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी अगदी काळजीने विचारलं, "मिक्सरमध्ये काही अडकलंय का हो?" मी ब्लूज वाजवत होतो. दुसऱ्यांदा सेक्रेटरींना घेऊन आल्या. तिसऱ्या वेळेपर्यंत आमच्या सौंनी अ‍ॅम्पवर क्रोशाचा रुमाल टाकून मनीप्लँट ठेवला होता, आणि मला तो निर्णय पटला होता.

मंद्याचं फोनवर ठरलेलं उत्तर: "तुला डायल करता येत नाही." म्हणजे नॉब जुळवता येत नाहीत. आता यात डायल करण्यासारखं काय आहे ते बघा. साधारण गिटार स्पीकरला एक वॉट दिला की एक मीटरवर सुमारे ९८ डेसिबल आवाज येतो. वॉट दहापट कमी केले की १० डेसिबल उतरतात. म्हणजे वॉटच्या हजाराव्या भागाला ६८ डेसिबल, आणि तोही दोन माणसांच्या साध्या बोलण्यापेक्षा मोठाच. घरात तुम्ही वापरणार आहात एवढीच वीज. पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या ट्यूब) दमून जो गोड, भरलेला डिस्टॉर्शन, म्हणजे फाटलेला आवाज देतात, ज्यासाठी लोक पैसे मोजतात, तो येतो अ‍ॅम्प पूर्ण ताकदीच्या आसपास गेल्यावर. चाळीस वॉट सोडा, एक वॉटचा ट्यूब अ‍ॅम्पसुद्धा त्या अवस्थेत ९८ डेसिबल ओकणार. "मग एक वॉटवाला घे" म्हणणारे ग्रुपमध्ये असतीलच, त्यांना हे गणित दाखवा. चाळीसचे चार वॉट केले तर कानाला आवाज फक्त निम्मा वाटतो.

आणि कायदा? निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५. तुम्ही वाजवणार जेवणानंतर.

मग मंद्या म्हणाला अटेन्युएटर लाव. अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो, जास्तीची वीज उष्णता करून उडवतो. काम करतो, नाही असं नाही. पण कानाचं काय करणार? बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं की आवाज कमी झाला की कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर बाकीच्यांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. अ‍ॅम्पच्या पोटात ट्यूब कितीही लाल झाल्या तरी बाहेर ६० डेसिबलच येत असतील, तर रंगभवन ऐकू येणार नाही. कमी आवाजात बास आणि ट्रेबल दोन्ही थोडे वर ठेवावे लागतात, आणि स्टेजवर तेच सेटिंग लावलं तर माणसं कान धरतात. दोन जागा, दोन अ‍ॅम्प.

हे मला कळलं होतंच, सिद्ध झालं गणपतीत. सोसायटीच्या करमणुकीच्या कार्यक्रमात मुलांना दोन गाणी वाजवायची होती. मी आणि सेक्रेटरी (तेच!) तो वीस किलोचा डबा मंडपात घेऊन गेलो. नॉब चारवर नेला आणि मंद्याचा अ‍ॅम्प पहिल्यांदा बोलला. खरंच बोलला. हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात मारलं तर किंचित फाटलेला, आणि गिटारवरच्याच व्हॉल्यूमने पुन्हा स्वच्छ. बोटांत काहीतरी वेगळं उतरतं तेव्हा, ते मी नाकारणार नाही. काकूसुद्धा पुढच्या खुर्चीत मान हलवत होत्या. मी व्हिडिओ पाठवला. मंद्याचं उत्तर लगेच: "बघ! म्हणालो नव्हतो?"

मी विचारलं, "मग मंडपात राहायला जाऊ का?"

यावर अंगठा आला फक्त.

त्या दिवाळीच्या बोनसमधून मी घरासाठी बॉस कंपनीचा कटाना ५० हा अ‍ॅम्प घेतला. मंद्याच्या भाषेत "खेळणं". यात ट्यूब नाही, सगळं मॉडेलिंग आहे, म्हणजे डिस्टॉर्शन आधीच गणिताने तयार होतो आणि किती जोरात ऐकायचं ते नंतर ठरतं. मागे-पुढे न बघता मास्टर व्हॉल्यूम खाली ओढा, टोन बराचसा तसाच राहतो. वर अर्धा, पंचवीस, पन्नास वॉट असं निवडायचं बटण आहे. माझं अर्ध्यावरून हललेलं नाही. हेडफोनही लावता येतो. हॉल लहान असेल, किंवा अ‍ॅम्प टेबलावर ठेवून यूट्यूबची गाणी त्यातूनच ऐकत वाजवायचं असेल, तर यामाहाचा टीएचआर किंवा पॉझिटिव्ह ग्रिडचा स्पार्क बघा. हे दोन्ही मुळात घरासाठीच बनवलेले आहेत, छोटे स्पीकर, दोन्ही बाजूंना पसरणारा आवाज, खर्ज आकाराच्या मानाने भरपूर. फक्त क्लीन (डिस्टॉर्शनशिवाय) वाजवणार असाल तर व्हॉक्सचा पाथफाइंडर १० पुरेसा आहे. बाकी खर्च शिकवणीवर करा. पंचवीस हजारांत यातलं काय बसेल ते त्या दिवशीच्या भावावर, आयात माल आहे.

दुकानात ऐकायला जाल तेव्हा एक करा. धोबी तलावला फुर्टाडोजला जा नाहीतर आणखी कुठे, विक्रेता आवाज मोठा करून दाखवेल. त्याला नॉब खाली आणायला लावा, वाजवता वाजवता त्याच्याशी आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे इतका. त्या आवाजात जो अ‍ॅम्प आवडेल तो घ्या. ब्रँड, वॉट, ट्यूब, ग्रुप, सगळं सोडा.

आता मंद्याबद्दल शेवटचं. मागच्या हिवाळ्यात व्हिडिओ कॉलवर त्याच्या मानेभोवती हेडफोन दिसला. तिकडे अपार्टमेंटच्या भिंती जिप्समच्या, पलीकडच्याची शिंकही ऐकू येते म्हणे. त्यामुळे तो स्वतः तिथे गिटार लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरमधल्या अ‍ॅम्पवर वाजवतो. ट्यूब शून्य. मी म्हटलं, अरे मग इतकी वर्षं माझं डोकं का खाल्लंस? म्हणे, "ते वेगळं." काय वेगळं, ते अजून सांगितलेलं नाही. तो या साइटवर असतो, खाली कमेंटमध्ये सांगू दे.

राहिलेल्या गोष्टी. स्वतंत्र बंगला असेल, किंवा महिन्यातून चार वेळा बँडच्या सरावाच्या जॅमरूमला जात असाल, तर वरचं सगळं रद्द, ट्यूब घ्या आणि मजा करा. कोणताही अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका, खर्ज स्लॅबमधून खाली उतरतो, आमच्या काकूंना त्रास त्याचाच होता. खुर्चीवर ठेवा, तोंड थोडं वर, कानाकडे. बारा इंची स्पीकरचा ट्रेबल सरळ रेषेत जातो, अ‍ॅम्प घोट्याशी असला की तो तुम्हाला सोडून सगळ्यांना ऐकू येतो. ब्लूटूथ हेडफोनवर वाजवायला जाऊ नका, तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो आणि ताल सुटतो. वायरवालाच हेडफोन घ्या. आणि कोणी सांगितलं की ट्यूब अ‍ॅम्पचा स्पीकर काढून शांतपणे वाजव, तर त्याचं ऐकू नका, लोड (म्हणजे स्पीकर) नसताना चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

मेहुण्यांचं म्हणाल तर तिकडचा अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर थेट लावलात तर तिथेच संपला. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, तोही त्या अ‍ॅम्पच्या मानाने दणकट, आणि त्याचं वजन वेगळंच. बॅगेत जागा असलीच तर त्यांना गिटारच्या तारांचे चार-पाच सेट आणायला सांगा.