सार्वजनिक विनोदात अश्लीलतेची रेषा कुठे आखावी?

शब्द किती चावट आहे यापेक्षा तो कुणावर फेकलाय, ते मी आधी बघतो. तमाशाच्या गवळणीत मावशी कृष्णाशी वाट्टेल ते बोलते, पण तिथे तीच सगळ्यांना पुरून उरते. दादा कोंडक्यांचं द्वयर्थी बोलणं तर सरळ प्रेक्षकाच्या गळ्यात: वाकडा अर्थ तुम्ही काढलात, मी नाही! जागाही बघावी लागते. डिसेंबर २०१४ मध्ये वरळीत एआयबी या विनोदी गटाचा रोस्ट, म्हणजे पाहुण्यांची भर मंचावर शिवराळ टिंगल, तिकीट काढून आलेल्यांसमोर झाला. वाद पेटला तो यूट्यूबवर आल्यावर, आणि २०१५ मध्ये गुन्हे दाखल झाले. मला मात्र जात, काळा रंग, अपंगत्व यांवर पिकवलेला हशा बंद दाराआडही नको. शिवी एकवेळ चालेल. (बायकोच्या जाडीवरचे व्हॉट्सअ‍ॅप विनोद? ते नुसते शिळे आहेत.)