चार वर्षाच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, मिरजेत ॲडमिट करायचंय, काय काय होतं?

चार वर्षाचा आहे म्हणताय तर सगळ्यात अवघड काय असेल तर उपाशी ठेवणं, ऑपरेशन नाही. भूल देताना पोटात काही असलं आणि उलटी झाली तर ती फुफ्फुसात जायची भीती, म्हणून जेवण-दूध साधारण ६ तास आधी बंद, साधं पाणी बहुतेक २ तास आधीपर्यंत चालतं, पण तुमचे भूलवाले डॉक्टर सांगतील तेच फायनल. आमच्या पोराच्या ऑपरेशनच्या वेळी आमच्या आईनं "लेकरू कळवळतंय" म्हणून टॉवेलखाली लपवून अर्धं बिस्कीट दिलं न् ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं, त्यामुळं आजीला आधीच समजावून ठेवा!

गेल्या गेल्या वजन करतात कारण औषधाचा डोस वजनावर असतो. मग सलाईनची सुई, तेव्हा रडतोच, "काय दुखत नाही" असं खोटं सांगू नका, "मुंगी चावल्यासारखं होईल" म्हणा. हाताला पुठ्ठ्याची पट्टी बांधतात, ती ओढू देऊ नका.

भुलीतून उठल्यावर पोरं कधीकधी वेड्यासारखी रडतात, ओळखत पण नाहीत, आम्ही तर घाबरलोच होतो, थोड्या वेळानं आपोआप शांत होतात. सगळं नीट असलं तर बऱ्याचदा त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी सोडतात.

आणि हो, रेशनकार्ड, आधार, जन्मदाखला घेऊन जा, महात्मा फुले योजनेत (सरकारची मोफत उपचाराची योजना) बसतंय का ते ॲडमिट व्हायच्या आधीच तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतीसाठी दवाखान्यात बसणारा माणूस) विचारा, नंतर पळापळ होते.