लंडनमध्ये एकच मोकळा दिवस आहे आणि सोबत आई-बाबा आहेत. दमछाक न होता शहर बघून रात्री म्युझिकल बघता येईल का?

येईल, आणि छान येईल. फक्त दिवस सकाळपासून आखू नका, रात्रीच्या खेळापासून मागे मागे या. खेळ बहुतेक ठिकाणी साडेसातला असतो. म्हणजे साडेपाचला जेवायला बसायचं, त्याआधी दोन तास नुसतं बसून राहायचं, आणि मग उरलेल्या वेळात मावेल तेवढंच लंडन बघायचं.

पहिल्या खेपेला मी हे उलटं केलं होतं. आई-बाबांना घेऊन सकाळी नऊला टॉवर ऑफ लंडन, मग सेंट पॉल्स, मग ब्रिटिश म्युझियम, आणि संध्याकाळी एका जुन्या थिएटरात सगळ्यात वरच्या मजल्यावरची तिकिटं. जिने चढता चढता बाबांचे गुडघे भरून आले. दिवे मालवून दहा मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात आईचा डोळा लागला. आई म्हणजे आयुष्यभर नाटकं बघितलेली बाई, तिसऱ्या घंटेच्या आधी खुर्चीत नसेल असं कधी झालं नाही. मध्यंतरात ती हळूच म्हणाली, "काय काय झालं गं?" मला फार वाईट वाटलं. सुदैवाने आमच्याकडे अजून एक दिवस होता. तो कसा घालवला तेच सांगते.

सकाळी दहाच्या आत वेस्टमिन्स्टरच्या पुलावर उभे राहा. बिग बेन हे खरं तर मनोऱ्याचं नाही, आतल्या पावणेचौदा टनी घंटेचं नाव. दहाचे ठोके पुलावरून ऐकले की पहिलाच ठोका छातीत घुमतो. मग पायीच सेंट जेम्स पार्क. तळ्यात पेलिकन दिसतील. १६६४ मध्ये रशियन राजदूताने राजाला पेलिकन भेट दिले, तेव्हापासून ते या बागेत आहेत. इथे अर्धा-पाऊण तास बाकावर काढा. राजवाड्यासमोरचा पहारेबदल मी मुद्दाम वगळला. आधी जाऊन गर्दीत तासभर उभं राहावं लागतं आणि पायांची सगळी शिल्लक तिथेच संपते. बागेतून हॉर्स गार्ड्सच्या मैदानातून पलीकडे निघालात की घोड्यावरचे पहारेकरी निवांत बघायला मिळतात, ते पुरे.

तिथून ट्रॅफल्गर स्क्वेअर जवळच आहे. नॅशनल गॅलरीला प्रवेश मोफत आहे, त्यामुळे पैसे वसूल करायच्या नादात सगळी दालनं पालथी घालायची गरज नाही. आम्ही पाच चित्रं ठरवून गेलो आणि तीनच बघितली. बाबांची सगळी नोकरी गोदीत झाली. टर्नरच्या 'टेमेरेअर'समोर ते जे बसले ते उठेचनात. जुनं, पांढुरकं पडलेलं लढाऊ जहाज मोडायला चाललंय, पुढे छोटीशी काळी वाफेची बोट त्याला ओढतेय, मागे सूर्य मावळतोय. बराच वेळ बघून ते म्हणाले, "ओढणाऱ्या बोटीवरच्या माणसांना काय वाटत असेल?" गाईडने सांगितलेल्या कुठल्याही माहितीपेक्षा मला हे जास्त लक्षात राहिलंय. दालनांमधून बसायला बाकं आहेत. ती वापरा.

दुपारचं जेवण तिथेच आटपून विसाव्याला जायचं. हॉटेल जवळ असेल तर सरळ जाऊन आडवं व्हा. आमचं लांब होतं. मग एम्बँकमेंटजवळच्या पादचारी पुलावरून (त्याला लिफ्ट आहे) नदीपलीकडे रॉयल फेस्टिव्हल हॉलला गेलो. १९५१ ची ही इमारत आहे, आणि तिचं प्रशस्त दालन दिवसभर सगळ्यांसाठी खुलं असतं. खुर्च्या, कॉफी, स्वच्छतागृह सगळं आहे, आणि कुणी उठवत नाही. आई तिथे चक्क चाळीस मिनिटं झोपली. संध्याकाळ वाचली ती या चाळीस मिनिटांमुळे.

पावणेपाचच्या सुमारास वॉटर्लू ब्रिजवरून परत यायचं. माझ्या मते लंडनचं सगळ्यात चांगलं दर्शन इथून होतं: नदी इथे वळते, त्यामुळे एका हाताला सेंट पॉल्सचा घुमट दिसतो आणि दुसऱ्या हाताला पार्लमेंट. दुसऱ्या महायुद्धात हा पूल बांधायला मोठ्या संख्येने बायका होत्या, म्हणून त्याला 'लेडीज ब्रिज' असंही म्हणतात. आईला हे सांगितल्यावर तिने कठड्यावर हात ठेवला आणि पूल संपेपर्यंत तसाच ठेवून चालली. आम्ही जूनमध्ये होतो, सूर्य सव्वानऊच्या पुढे मावळायचा. डिसेंबरात मात्र चारच्या आतच मावळतो, तेव्हा तुम्हाला हेच सगळं दिव्यांत दिसेल.

पूल उतरून पुढे गेलं की कॉव्हेंट गार्डन. बऱ्याच हॉटेलांत या वेळी 'प्री-थिएटर मेन्यू' असतो, तो वेळेत जेवून उठता यावं म्हणूनच असतो. येता-जाता कॉव्हेंट गार्डन स्टेशन टाळा. तिथे लिफ्टला गर्दी असते, आणि जिन्याला १९३ पायऱ्या आहेत. लेस्टर स्क्वेअर स्टेशन जेमतेम पाव किलोमीटरवर आहे.

आता तिकिटं. लेस्टर स्क्वेअरच्या टीकेटीएस खिडकीवर सवलतीत मिळतात, पण आई-बाबा सोबत असताना तो जुगार नको, आधीच काढा. 'स्टॉल्स' म्हणजे तळमजला, 'सर्कल' म्हणजे त्यावरचा. त्याच्याही वरच्या मजल्यांचे जिने उभे असतात आणि गुडघ्यांना जागा कमी. 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलेलं असेल तर मध्ये खांब किंवा कठडा येतो. पायऱ्या चढवत नसतील तर थिएटरला आधी कळवा, ते योग्य जागा सुचवतात. रविवारी बरीच थिएटरं बंद असतात, ते बघून घ्या. आणि गोष्ट आदल्या रात्री मराठीत सांगून ठेवा, दोन गाणी ऐकवा. गाण्यातलं इंग्रजी पटकन कळत नाही, मलाही नाही.

आम्ही ड्र्युरी लेनच्या थिएटर रॉयलला गेलो. या जागेवरची ही चौथी इमारत, १८१२ ची. आधीच्या तिनांपैकी दोन जळून गेल्या. मध्यंतरात प्रेक्षकांच्या देखत अग्निरोधक पडदा खाली येतो तो अशाच आगींच्या आठवणीने. तो बघायला मिनिटभर बसून राहा, मग आइस्क्रीम घ्या. छोट्याशा डब्यात मिळतं आणि चमचा झाकणातच लपवलेला असतो. अजून एक बघा: मागे वळून सर्कलच्या कठड्याकडे पाहिलंत तर छोटे पडदे दिसतील. त्यावर वाद्यवृंदाचा संचालक दिसत असतो, म्हणजे गाताना नटांना खाली बघावं लागत नाही. हे कळल्यावर बाबा दुसऱ्या अंकात निम्मा वेळ तिकडेच वळून बघत होते.

टाळ्या संपल्या की लगेच उठू नका. लोक बाहेर पडत असताना रंगमंचापुढच्या खोलगट जागेत वाद्यवृंद वाजवतच असतो. आई गर्दी ओसरेपर्यंत थांबली, मग हळूहळू कठड्यापाशी जाऊन वाकून बघायला लागली. एक मुलगी व्हायोलिन पेटीत ठेवत होती. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, एवढी माणसं आहेत खाली. मला वाटलं टेप लावलीय." त्या मुलीने वर बघितलं. आईने तिला नमस्कार केला, आणि तिनेही हातातला व्हायोलिनचा गज खाली ठेवून तसाच केला.