टाइप लिहितोस, तर एककही लिही

सिमग्रिडसाठी (संगणकांचं जाळं आभासी चालवून बघायचं साधन) तू सी भाषेत लिहिलेली टाइपांची, म्हणजे माहितीच्या प्रकारांची, फाइल वाचली. वेळ, आकार, बँडविड्थ (माहिती वाहण्याचा वेग), सगळंच नुसतं 'डबल', म्हणजे साधी दशांश संख्या! रत्नागिरीत राहून तुला हे सांगायला नको: आंब्याची पेटी म्हटली की गिऱ्हाईक आधी विचारतं, चार डझनी की पाच डझनी? तसंच हे. प्रत्येकाला वेगळं नाव दे आणि व्याख्येच्या डोक्यावरच टिप्पणी लिही: वेळ सेकंदात, आकार बाइटमध्ये, गणना फ्लॉपमध्ये (दशांश संख्यांवरच्या क्रियांच्या मोजणीत).

सिमग्रिडमध्ये वेग लिहिताना 'एमबीपीएस'मधला इंग्रजी 'बी' मोठा (MBps) असेल तर बाइट, लहान (Mbps) असेल तर बिट. फरक आठ पटींचा. मी आभासी जाळ्यातला रत्नागिरी-मुंबई दुवा असाच चुकवला होता आणि दोन दिवस दोष अल्गोरिदममध्ये शोधत बसलो.

सी भाषेतला 'टाइपडेफ' म्हणजे फक्त टोपणनाव. सेकंदाच्या जागी बाइट दिलेस तरी कंपायलर (कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्रॅम) गप्प बसतो. खरी राखण हवी असेल तर छोटा स्ट्रक्ट (स्वतःचा वेगळा प्रकार) कर. आकाराला ३२ बिटांचा चिन्हासहित पूर्णांक नको, तो २,१४,७४,८३,६४७ वर संपतो.

पॉइंटरने (मेमरीचा पत्ता) दाखवलेली मेमरी कोणी मोकळी करायची, ऋण किंमत आली तर काय, हेही टिप्पणीत हवं. डॉक्सिजन (कोडमधून माहितीपत्रक बनवणारं साधन) टिप्पणी उचलतं, पण न लिहिलेलं एकक त्याला कुठून कळणार? आज फक्त वेळेचा टाइप लिहून पाठव, रात्री बघतो.