जुन्या शेव्हरोले पिकअपचं स्टेअरिंग खूप जड आहे, स्टेअरिंग बॉक्स बदलावा का?

तुमची 1951 ची शेव्हरोले 3100 बरीच वर्षं शेडात उभी होती, आता रस्त्यावर काढलीत तर स्टेअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागतंय, आणि मेस्त्री म्हणतोय बॉक्स (म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याखालची गिअरची पेटी) गेला, पॉवर स्टेअरिंगचं किट टाका. माझं मत विचाराल तर बॉक्सला अजून पाना लावू नका. आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, जुन्या गाड्यांची किंगपिनची कामं येतात. किंगपिन म्हणजे पुढचं चाक जिच्यावर डावी-उजवीकडे वळतं ती उभी पिन. बॉक्सवर आळ येतो आणि दोष निघतो चाकापाशी, हे नेहमीचं आहे.

शिवाय बॉक्स आणणार कुठून? जनरल मोटर्सचा मुंबईत 1928 ते 1954 पर्यंत गाड्या जोडण्याचा कारखाना होता, तुमची गाडी बहुधा तिथलीच. म्हणजे स्टेअरिंग उजवीकडे. अमेरिकेतून मागवलेला बॉक्स डावीकडच्या स्टेअरिंगचा येईल, तो इथं बसायचा नाही.

आधी सोपं बघून घ्या. टायरमध्ये हवा 30-35 पीएसआयपर्यंत भरा. या गाडीला मूळचे टायर 6.00-16 चे, अरुंद. त्या जागी रुंद रेडियल घातले असतील तर उभ्या गाडीत स्टेअरिंग जड लागणारच. हौसेनं छोटं स्टेअरिंग बसवलं असेल तरी तेच. कंपनीनं एवढं मोठं चक्र दिलं होतं ते जोर कमी लागावा म्हणूनच.

मग सकाळी रस्ता मोकळा असताना गाडी काढा आणि सावकाश एक वळण घ्या. वळण संपताना हात सैल सोडा. स्टेअरिंग जड असूनही आपणहून सरळ येत असेल तर टायर किंवा कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागं झुकलेला कोन, बघायचा. मागचे पाटे बसले, किंवा पुढचा एक्सल आणि पाटे यांच्यामधली पाचर उलटी बसली, की कॅस्टर वाढतो आणि स्टेअरिंग जड होतं. पण वळवलं तिथंच अडकून राहत असेल तर काहीतरी आवळलंय. अशी गाडी पन्हाळ्याला वगैरे नेऊ नका.

आता मुख्य काम. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावा, पुढचा एक्सल उचलून घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. चाकं अधांतरी झाल्यावर स्टेअरिंग फिरवा. हलकं झालं तर वजनाखालीच अडतंय, म्हणजे टायर, कॅस्टर नाहीतर किंगपिनपाशी गाडीचं वजन पेलणारं थ्रस्ट बेअरिंग. तरीही जड असेल तर ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून बाहेर आलेल्या हातापासून) सोडा. इथं गाडीचे दोन भाग झाले: वर बॉक्स आणि कॉलम, खाली चाकं.

सोडतानाच ड्रॅग लिंकच्या टोकाचा प्लग बघा. आत गोळी आणि स्प्रिंग असते. प्लग पूर्ण आवळून मग थोडा मागं घ्यायचा आणि स्प्लिट पिनचं भोक जुळवायचं, अशी रीत आहे. खडखड जावी म्हणून कुणी तो गच्च आवळून ठेवला असेल तर गोळी हलतच नाही. कधी कधी सगळा आजार एवढाच असतो.

आता चाक हातानं वळवा. दोन्ही चाकं टाय रॉडनं, म्हणजे आडव्या दांड्यानं, एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणून जड लागलं तर टाय रॉडचं एक टोक सोडून एकेक चाक वेगळं बघा. जे चाक ढकलावं लागतं त्याचा किंगपिन धरलाय. गाडी उभी राहिली की ग्रीस वाळून दगड होतं. निपलला ग्रीस गन लावली आणि वरच्या बुशातून (किंगपिन ज्यात फिरते त्या नळीतून) ग्रीस आलं म्हणून खूश होऊ नका, खालच्या बुशातून येतं का ते बघा. ग्रीस भरताना चाक उचललेलंच हवं. वजन असताना ते थ्रस्ट बेअरिंगच्या फटीत शिरत नाही.

कुणी बुश नवीन टाकले असतील तर संशय वाढवा, कमी करू नका. गनमेटलचा बुश ठोकून बसवला की आतून आवळतो, त्याला रीमर (भोक मापात कापायचं हत्यार) मारावाच लागतो. वरचा आणि खालचा बुश एका रेषेत यावेत म्हणून लांब पायलटचा रीमर लागतो. पॉलिश पेपर घासून केलेलं काम आमच्याकडे परत येतं. पिन तेल लावून अंगठ्यानं दाबत आत जावी, पण हलवल्यावर खडखडू नये. आणि बुशाचं भोक निपलच्या भोकासमोर आलंय का ते बॅटरी लावून बघा. बुश जरासा फिरून बसला की निपल शोभेपुरता उरतो.

चाकं हलकी निघाली तरच वर या. डॅशबोर्डखालचा आणि फ्लोअरवरचा कॉलमचा क्लॅम्प सैल करा. तेवढ्यानं स्टेअरिंग मोकळं झालं तर कॉलम ताणून बसवला होता. तरीही जड असेल तर बॉक्सचं झाकण काढा. तेल गळतं म्हणून आत चेसिसचं ग्रीस कोंबलेलं असतं. ते पुसून काढा, धुवा, गिअर ऑइल भरा. बॉक्सच्या बाजूचा अॅडजस्टिंग स्क्रू ड्रॅग लिंक सुटी असतानाच, स्टेअरिंग बरोबर मध्यावर ठेवून लावायचा. मध्यावर किंचित घट्ट लागणं बरोबर आहे, त्याला दोष समजू नका. स्टेअरिंग वळलेलं असताना स्क्रू आवळला तर सरळ धरल्यावर बॉक्स धरतो.

पॉवर स्टेअरिंगचं किट एवढं सगळं करूनही हात भरून येत असतील तरच. अडकलेल्या किंगपिनवर मोटर लावली तर मोटर जोर लावत राहील आणि झीज वाढत जाईल, तुम्हाला मात्र काही कळणार नाही.

जोडताना स्प्लिट पिना नव्या घाला. जुनी सरळ करून परत वापरायची आपल्याकडे फार सवय आहे, काम चालू असताना तिथंच उभे राहा.